उजव्या हाताचं पाणी

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय इंद्रभानजी, ज्यांच्या एक्याऐंशीव्या वर्षानिमित्त आपण जमलो ते आदरणीय उकंडराव, म्हणजे आपले आबाजी, शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी सुभद्राबाई, परवा अमेरिकेला परत निघणारी त्यांची नात आणि माझी माजी विद्यार्थिनी अपेक्षा, आणि आपल्या बीबी गावातल्या सर्व मंडळींनो,

सत्कार आबाजींचा आणि निरोप त्यांच्या नातीचा, अशी दोन कामं एकाच हारात उरकायचं ठरलं. हार एकच आला आहे, हे अध्यक्षांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं. असो.

आबाजी हाडं बसवतात, हे इथं कुणाला सांगायचं? या सभागृहात हात वर करायला सांगितलं, तर अर्धे हात त्यांनीच बसवलेले निघतील. त्यांची रीतही तुम्हाला ठाऊक आहे, पण बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते. सव्वा महिन्यानं बांबूच्या पट्ट्या सुटल्या, की रोग्यानं बऱ्या झालेल्या हातानं पाण्याचा भरला तांब्या उचलायचा, हात सरळ पुढं करायचा आणि आबाजींच्या ओंजळीत धार धरायची. ते मान खाली घालून पाणी पितात आणि म्हणतात, "बेस." तीच फी आणि तेच सर्टिफिकेट.

अपेक्षा आठवीपर्यंत इथं, आजोबांजवळ वाढली. पट्ट्या तासायची, रोग्याचा हात धरून बसायची. मग वडील कुलदीपराव नोकरीसाठी अमेरिकेत गेले आणि ती त्यांच्याबरोबर गेली. मोठी झाल्यावर ती तिथल्या सैन्यात भरती झाली, जखमी सैनिकांवर प्रथमोपचार करणाऱ्या तुकडीत. "दुसऱ्याच्या फौजेत काऊन गेली बे ही?" असं पारावर विचारलं गेलं. मीही विचारलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, पडलेला माणूस उचलताना तो कुणाचा आहे ते हाताला कळत नाही."

सैन्यात असतानाच तिनं डॉक्टरकीसाठी अर्ज करायचं ठरवलं. तिथं ऑस्टिओपॅथिक नावाची वैद्यकीय महाविद्यालयं असतात. तिथली मुलं पूर्ण डॉक्टर होतात, औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात, आणि शिवाय नुसत्या हातांनी हाडं आणि स्नायू तपासायला, हातांनीच उपचार करायला शिकतात. आबाजींना हे समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आपलंच काम, पन कोट घालून."

अर्जाबरोबर निबंध लागतो. मला हेच का शिकायचं आहे, असा. दिवसभर कवायत आणि ड्यूटी, आणि मिळेल त्या वेळात हा निबंध. पहिल्या वर्षी तिनं आजोबांवर लिहिलं. वाचून माझे डोळे भरून आले. त्यातले आजोबा कधीच चुकत नव्हते. सगळ्या महाविद्यालयांनी नकार दिला.

वयाची अट नव्हती, पण सैन्यातली मुदत संपत आली होती. पुन्हा नकार आला असता, तर आणखी चार वर्षांसाठी सही करायची आणि डॉक्टरकीचा विषय सोडायचा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्यांदा अर्ज भरायच्या आधी तिचा मला फोन आला. "मॅडम, तुमचा उजवा हात लिहू का?"

मंडळी, इथं मला थोडं स्वतःबद्दल बोलावं लागेल. क्षमा असावी.

मी नऊ वर्षांची असताना कापसाच्या गाडीवरून पडले. उजवं कोपर आबाजींनी बसवलं. पट्ट्या सुटल्या आणि मला कळलं, हात सरळ होत नाही. अंगणात माणसं उभी होती. आबाजींचं नाव जाईल, एवढंच मला समजत होतं. मी तांब्या गुपचूप डाव्या हातात घेतला आणि धार धरली. आबाजी खाली मान घालून पाणी प्याले. "बेस," म्हणाले. त्यांना कळलं नाही, असं मी पस्तीस वर्षं समजत आले. फळ्यावर लिहिताना मी जरा तिरकी उभी राहते, ते यामुळं. मुलांना ती माझी लकब वाटते. अपेक्षालाही वाटायची. सैन्यातलं शिक्षण घेऊन पहिल्यांदा रजेवर आली, तेव्हा तिनं एका नजरेत ओळखलं होतं.

मी म्हटलं, लिही. पण आबाजींना कळू देऊ नकोस.

या वेळी एका महाविद्यालयानं मुलाखतीला बोलावलं. छावणीतल्या सामानाच्या खोलीत, गणवेशात, लॅपटॉपसमोर बसून तिनं ती दिली. एका वयस्क डॉक्टरबाईंनी विचारलं, "चूक कळल्यावर तुमच्या आजोबांनी काय केलं?" अपेक्षा म्हणाली, "मला माहीत नाही. आमच्याकडं कुणी त्यांना विचारलंच नाही. रजा मिळाली की विचारीन."

तिला प्रवेश मिळाला. या उत्तरामुळंच मिळाला, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही.

पण ती रजेवर आली आणि तिनं खरंच विचारलं. गेल्या आठवड्यात, ओट्यावर, माझ्यासमोर. सुभद्राबाई तुरीची डाळ पाखडत होत्या. त्या कडाडल्या, "काय बोलून राह्यली वं! आबाजीले असं विचारतेत?"

आबाजी म्हणाले, "विचारू दे तिले. मले ठाऊक व्हतं. धार डावीकून आली व्हती."

"मग बोलले काऊन नाही?" अपेक्षानं विचारलं.

"नऊ वर्साची पोर माह्यी इज्जत झाकत व्हती. मले गोड वाटलं ते." मग माझ्या कोपराकडं पाहत म्हणाले, "हाड कोनाचंबी चुकते, माय. तवाच सांगतलं असतं, तर जालन्याच्या डाक्टरनं पुन्हा बसवलं असतं. म्या गप बसलो. चुकलं ते तिथं."

आबाजी कोपराला हात लावत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. "जालन्याले ने, फोटो काढ," एवढंच म्हणतात. देऊळगावच्या बालाजीला त्यांनी कोपर सोडलं, जसं कुणी नवसापोटी वांगं खाणं सोडतं, असं आपण मानत आलो. तो नवस नव्हता. तो माझा हात होता.

मी विचारलं, "आबाजी, हे सभेत सांगू?" सुभद्राबाईंनी सूप खाली ठेवलं. आबाजी म्हणाले, "सांग. अन् छाये, माह्यं पानी ऱ्हायलं तुह्याकडं."

अपेक्षाला मी उपदेश करणार नाही. जुलैपासून महाविद्यालयात तिला तो भरपूर मिळेल. संयोजकांचे आणि ही हकीकत शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर ते माझ्या तोंडावर सांगा. गप बसू नका.

चहाच्या आधी पाच मिनिटं अंगणात यावं, ही विनंती. तांब्या भरून ठेवला आहे. मी उजव्या हातात घेणार आहे. माझा हात पूर्ण पोचत नाही, तेव्हा आबाजींना एक पाऊल पुढं यावं लागेल. मी त्यांना तसं विचारलं आहे. ते म्हणाले, "हाव, येतो."