स्टेटसमधून कापलेले उंदीर

हॅलो?… हॅलो!… कोण, जनीआत्या? अगं, फोन कानाला लाव ना, तोंडासमोर पापडासारखा काय धरलायस!… हं, आता कशी आलीस. हो, जिज्ञासाच बोलतेय. आई भाजीला गेलीय.

काय?… सोनोग्राफीवाल्या मॅडमना काय सांगितलंस?… ‘जरा आवाज वाढवा’?… थांब, थांब, मला आधी हसू दे… अगं, तो काय हळदीचा डीजे आहे?… मग मॅडम काय म्हणाल्या?… नुसत्या बघत बसल्या? बसणारच बिचाऱ्या!

पण तुझ्या डोक्यात हे आलं कुठून?… माझ्या सायन्सच्या प्रोजेक्टमधून?… कल्पेशदादाच्या स्टेटसला बघितलंस. अच्छा… हो, ती दोन वेण्यावाली मीच. भारी बोलले ना? आख्खा हॉल टाळ्या…

काय म्हणालीस? परत सांग… जाणार नाहीस? म्हणजे?

आत्या, उद्या सकाळी तुला ऑपरेशनला ॲडमिट व्हायचंय. गळ्यात कॅन्सरची गाठ आहे ती, सुंठ चघळून बसणारा घसा नाही… हो, मी म्हणाले की आवाजाने गाठ मरते. पण पुढचं?… पुढे काहीच नव्हतं? ‘थँक्यू’ पण नाही?

शी! दादाने कापला व्हिडिओ! स्टेटसला मावेना म्हणून माझे उंदीरच कापले!… अगं उंदीर! मी शेवटी स्पष्ट म्हणाले होते, हे सगळं अजून प्रयोगशाळेत उंदरांवर चाललंय, माणसांना लगेच मिळणार नाही… नाही, तुला उंदीर नाही म्हणत. तू उंदीर असतीस तर आत्ताच घेऊन गेले असते.

हो, हो… अगं ऐक ना. तुझा गॅसचा लायटर आहे ना? टिक केलं की ठिणगी पडते. आत एक खडा असतो, त्याला दणका बसला की वीज तयार होते. ना सेल, ना चार्जिंग… हां, तसेच खडे, पण इतके बारीक, की तुझ्या एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील… असू दे पांढरा, पांढऱ्यातही मावतील! ते कण गाठीत पोचवायचे आणि बाहेरून आवाज सोडायचा. आपल्याला ऐकूच येत नाही असा, सोनोग्राफीत असतो तसा. त्याने ते कण थरथरतात, आतल्या आत वीज तयार होते आणि गाठीतल्या पेशी मरतात. निदान उंदरांच्या तरी.

आता सांग, तुझ्या गाठीत कण आहेत?… नाहीत ना? मग नुसता आवाज मारून काय होणार? लायटरमधला खडा काढून टाकलास आणि वरून टिकटिक करत बसलीस, तर चहा होईल का?… अगं, चुलीवर होईल हे मला पण कळतं!

आत्या… खरं सांग. सुईला तू घाबरत नाहीस. विंचू चावला तेव्हा भांडी घासून मग डॉक्टरकडे गेलीस. मग हे काय?

…

हं.

… हं. ऐकतेय, बोल.

आवाज जाईल म्हणून?

… माहितीय गं. बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत कुणाच्याही लग्नात धवले गायला तूच लागतेस. नवरीला हळद लावायची तर आधी ‘धवलारीण आली का’ विचारतात, नवरा आला का ते नंतर… हो ना? बघ, हसलीस!

पण डॉक्टर काय म्हणाले? तूच सांगितलंस ना आईला, आवाजाची नस जपून गाठ काढणार, थोडे दिवस घोगरा होईल, बहुतेकांचा परत येतो… हो, ‘बहुतेकांचा’. खोटं नाही बोलणार मी तुला, एकदा दादाने अर्धवट सांगितलंय तेवढं बस. पण गाठ तशीच ठेवलीस तर ती काय तुझा आवाज सांभाळत बसणार आहे? तिला गाण्यातलं काय कळतं?

… आणि समजा, परत नाही आला, तर? तर आपल्या नेत्राताईच्या लग्नात, हळदीला धवले…

मी गाऊ?

आत्या, वेडी झालीस का! शाळेत प्रार्थनेला बाई मला सांगतात, जिज्ञासा, तू नुसते ओठ हलव… नाही, आत्ता नाही… शेजारचे येतील… आत्या, नको ना… शपथ घालू नकोस! बरं. एकच ओळ. ती मांडव घालतानाची, तेवढीच येते मला. हं…

… …

झालं. म्हटली.

… हॅलो?… आत्या? रडतेयस का?… हसतेयस! इतकी? अगं, श्वास तरी घे!… कुत्रं? कुठलं कुत्रं?… माझ्या आवाजाने भुंकलं? तुझ्याकडे, फोनमधून? जा, नाही बोलत मी तुझ्याशी!

नाही, एक बोलते. उद्या बेशुद्ध करायच्या आधी डॉक्टरांना सांग: साहेब, जपून हं, माझ्या जागी जी गाणार आहे ना, तिला मी काल ऐकलंय… हो, अस्संच सांग. बघ कशी एकेक नस मोजून बाजूला ठेवतात ते!

म्हणजे जाणार ना?… ‘बघते’ नको. जाणार ना?… नक्की?

… मग ठेव आता. बॅग भर… भरलेलीच आहे? कधीपासून?… नाटकी आहेस तू एक नंबरची! ठेव… आधी तू ठेव… बरं, मीच ठेवते.