चौथ्या आठवड्यातला जिना

सून : पाय अजून थोडा आत घ्या, आई. चादरीखालून पट्टा दिसतोय.

सासू : आत घ्यायला तो वाकला पाहिजे ना. मांडीपासून घोट्यापर्यंत फळीसारखा बांधून ठेवलाय. तूच उचल आणि तुला शोभेल तिथे ठेव.

सून : राहू द्या. वरून शाल टाकते. वॉकर कपाटामागे लावलाय, सारखं तिकडे बघू नका.

सासू : का, लाजतो का तो?

सून : शिंपीणबाई लिफ्टपाशी आल्यात. मी फोन स्टँडवर लावते. त्या पाच मिनिटं बोलतील, तुमचे आभार मानतील, झालं. तुम्ही फक्त हसायचं.

सासू : आभार कसले? मी काय केलंय तिचं?

सून : यांनी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं, त्याला तीन आठवडे झाले. समोरच्या चौकातल्या डॉक्टरांकडे जाणार होती. तुमचे व्हिडिओ बघितले आणि आपल्याकडे आली.

सासू : समोरचा म्हणजे तो गाणी म्हणणारा?

सून : तोच. त्याची गाणी लाखभर लोक बघतात. तुम्ही जिना चढेपर्यंत आपल्या दवाखान्याला कुणी विचारत नव्हतं. हे पंधरा वर्षं गुडघे बदलतायत, पण लोक आले ते तुमच्या बत्तीस पायऱ्या बघून.

सासू : आणि बत्तिसाव्या पायरीनंतर मी कुठे गेले, ते कुणी विचारलं नाही.

सून : आई, तो विषय आत्ता नको. तुमचा गुडघा बदलला तेव्हा हे म्हणत होते, सहा आठवडे काठी सोडायची नाही. तुम्हीच म्हणालात, सहा कशाला, माझी हाडं जुन्या घडणीची आहेत, चौथ्यातच चढून दाखवते.

सासू : म्हणाले की. मी कुठे नाकारते? माझी जीभ माझ्या पायांच्या पुढे धावते, ते लग्नाच्या आधीपासून. पण मी एकदा चढेन म्हणाले होते. एका दिवसात सहा शाली बदलून सहा वेळा चढेन, असं नव्हते म्हणाले. दुखायला लागलं तर सुई टोचून पुन्हा उभी केलीत.

सून : कॅमेरावाला एकच दिवस मोकळा होता. सगळे असंच करतात. एका दिवसात शूटिंग उरकायचं आणि आठवड्याला एक टाकायचा. चौथा आठवडा, पाचवा आठवडा, असं लिहून.

सासू : सहाव्या शालीत गडगडत खाली येतात का सगळे?

सून : ते कापलंय.

सासू : तू व्हिडिओतून कापलंस. माझ्या पायाचं निस्तरायला दुसरं ऑपरेशन लागलं, तेही परगावी नेऊन, कुणाला कळू नये म्हणून. आणि तेव्हापासून मी या खोलीत. पाच आठवडे. पडदा उघडायचा नाही, गॅलरीत बसायचं नाही, फोन घ्यायचा नाही. माझी सख्खी बहीण आली, तिला तू सांगितलंस, आई फिरायला गेल्यात. दोन तास ती बाहेरच्या खोलीत बसली. मी इथे उशीत तोंड खुपसून खोकत होते.

सून : मग काय सांगायला हवं होतं? पडल्या असं सांगितलं की लोक म्हणणार, ऑपरेशन फसलं. यांचं ऑपरेशन चांगलंच झालं होतं. तुम्ही पडलात म्हणून शीर तुटली. पण एवढं पूर्ण वाक्य कोण ऐकून घेतो?

सासू : ते मात्र खरं बोललीस. आणि अजून किती दिवस?

सून : शूटिंगमधले तुकडे जोडून जोडून आणखी दोन महिने पुरतील.

सासू : मी विचारलं, मला किती दिवस. तू सांगतेस, शूटिंगला किती दिवस.

सून : आल्या त्या. हसा, आई.

(शिंपीणबाई दारात उभी. हातात काठी, पण टेकलेली नाही. छत्री आणावी तशी नुसतीच आणलेली.)

शिंपीण : येऊ का आत? अगं बाई, तुम्हीच की. मोबाईलमध्ये उंच दिसता.

सासू : मोबाईलमध्ये उभी असते. ये, बस. ती काठी नीट टेक आधी.

शिंपीण : ही? ही डॉक्टरांना दाखवायला. आजी, तुमचे उपकार कसे...

सासू : आजी कुणाची? वय काय तुझं?

शिंपीण : अठ्ठावन्न.

सासू : मी सहासष्टची. आठ वर्षांत तुझी आजी कशी झाले?

शिंपीण : सगळे तसंच म्हणतात हो. जिनेवाल्या आजी. आमच्या गल्लीत चहाला बसले की आधी तुमचा जिना लावतात.

सून : थोडं इकडे बघून बोला हं, बाई. आणि ऑपरेशनच्या आधी किती दुखायचं तेही सांगा.

शिंपीण : सांगते, पण आधी एक विचारायचंय. त्यासाठीच आले मी. डॉक्टरांच्या कानावर मात्र घालू नका.

सून : विचारा ना. आम्ही घरचेच आहोत.

शिंपीण : माझं मशीन माळ्यावर आहे. चौदा पायऱ्या, लाकडी, सरळसोट उभ्या. कठडा नाही. तीन आठवडे झाले, मशीन वर आणि मी खाली. वर कपड्यांचे ढीग पडलेत, गिऱ्हाइकं खाली येऊन माझं तोंड बघून जातात. आणि डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे काठी सोडायची नाही, आणि तसल्या जिन्यावर तर पायसुद्धा ठेवायचा नाही.

सासू : बरोबर सांगतो तो.

शिंपीण : ते सगळ्यांना एकाच मापाचं सांगतात हो. धोका नको म्हणून दोन बोटं सैल ठेवायचं, तसं. मी पण ठेवते. पण घरच्या माणसाला आपण अंगासरशी शिवतो ना? तुम्ही त्यांच्या सख्ख्या आई. तुम्हाला त्यांनी चौथ्या आठवड्यात बिनकाठीचं चढू दिलं. मग खरं माप तेच असणार.

सून : तसं नाही, बाई. प्रत्येकाची तब्येत वेगळी असते. आम्ही व्हिडिओखाली तसं लिहितोही.

शिंपीण : एवढं बारीक असतं ते. मी सुईत दोरा बोटांनी चाचपून ओवते, मला कुठलं दिसायला. सोमवारी चौथा आठवडा लागतो माझा, आणि माझं ठरलंय. आजी, तुम्ही फक्त एवढं सांगा, पहिला पाय कुठला टाकता? थांबवून थांबवून बघितलं, पण तुम्ही इतक्या भरभर चढता की कळतच नाही.

सासू : चढू नकोस.

शिंपीण : हो, जपूनच चढेन.

सासू : जपून नाही. चढूच नकोस. सहा म्हणाला ना तो, मग सहा. आणि कठडा बसवल्याशिवाय त्यानंतरही नाही.

सून : आई, आपण आधी त्यांचे दोन शब्द घेऊ या का?

शिंपीण : डॉक्टरांची आई, म्हणून असं बोलायला लागत असेल तुम्हाला. मला कळतं. पण काल सकाळी तुम्ही स्वतः चढलात की. हिरवी शाल होती.

सासू : काल सकाळी मी याच पलंगावर होते.

शिंपीण : मी बघितलं ना पण.

सासू : ते पाच आठवड्यांपूर्वीचं आहे.

शिंपीण : वर कालची तारीख होती.

सासू : तारीख सूनबाईची. पाय माझा.

शिंपीण : राहू द्या, आजी. सांगायचं नसेल तर नका सांगू. घराघरात एकेक गुपित असतं. मी तरी माझं कटिंग कुठे कुणाला शिकवते? बघून बघून जमवेन मी.

सासू : ही शाल काढ. माझ्या पायावरची.

सून : आई, रेकॉर्डिंग चालू आहे.

सासू : असू दे. कापायचं तुला येतं.

शिंपीण : काढू का? ... हे काय हो? एवढा लांब पट्टा?

सासू : सहाव्यांदा चढले आणि वरून खाली आले. गुडघ्यापाशी शीर तुटली. ती पुन्हा शिवली. एकाच जागी दोनदा शिवलंय, तुला वेगळं सांगायला नको.

शिंपीण : शिवणीवर शिवण घातली की कापड विरतं.

सासू : तसंच.

शिंपीण : पण हा पट्टा, आजी... पट्टा माझ्याही पायाला होता. निघाला आठव्या दिवशी. तुमचाही निघेल. तुमच्यासारखी चिवट बाई, चार दिवसांत पुन्हा चढाल. मी ओळखते ना तुम्हाला.

सासू : तू मला ओळखत नाहीस. सूनबाई, इकडे ये.

सून : आई, त्यांना समजलंय. आपण बंद करू या.

सासू : तिला काही समजलेलं नाही. ती सोमवारी चढणार आहे आणि माझं नाव घेऊन चढणार आहे. ये इकडे. मला उठव.

सून : वॉकर देते.

सासू : वॉकर घेऊन पण मी ऐटीत उभी राहीन, मला माहीत आहे मी कशी आहे. तू धर. रोज सकाळी दार लावून धरतेस, तशीच धर. काखेत हात घाल.

सून : बाहेरच्या माणसांसमोर? तुम्ही तर माझ्या आईलासुद्धा...

सासू : हो, तुझ्या आईलासुद्धा कळू दिलं नाही. धर. बाथरूमच्या दारापर्यंत जायचंय. तू बघ गं, शिंपीणबाई. आता थांबवून थांबवून बघावं लागणार नाही.

शिंपीण : अहो, कशाला? थरथरताय तुम्ही.

सासू : मी नाही, पाय थरथरतोय. मोज पावलं.

शिंपीण : एक... दोन. आजी, बसा ना.

सासू : मोज.

शिंपीण : तीन. ... हे चौथं म्हणायचं का? पाय नुसता ओढलात तुम्ही.

सासू : माझ्याकडे आता असंच चौथं असतं.

सून : आई, घामाने भिजलात. पुरे झालं. त्या बघा, रडायला लागल्या.

शिंपीण : मी रडत नाही. डोळ्यांत चरचरलं. ... आजी, मशीनच खाली उतरवून घेते मी. दोघं-तिघं लागतील, पण उतरेल. जिन्याखाली अंधार आहे, दिवा लावीन.

सासू : तेवढा लाव. आणि बिनकाठीची पुन्हा माझ्यासमोर यायचं नाही. सूनबाई, वळव मला. दमाने.

सून : जरा माझ्यावर भार टाका ना. किती ताठ राहता.

सासू : टाकलाय सगळा. एवढाच आहे तो. ... आणि तू का रडतेस आता?

सून : मी व्हिडिओ बंद करायला सांगितलं होतं यांना. दुसऱ्याच आठवड्यात. हे म्हणाले, आता बंद केलं तर लोक विचारतील, आजी कुठे आहेत.

सासू : माहीत आहे. माझ्याशी पण तो नजर मिळवत नाही. ड्रेसिंग करतो आणि जातो. बसव मला.

शिंपीण : मला पण विचारतील हो गल्लीत. इथे येणार म्हणून सगळ्यांना सांगून निघालेय मी. दोघीजणी तर पुढच्या महिन्यात यायच्या आहेत ऑपरेशनला. काय सांगू?

सून : बाई, कृपा करून काही...

सासू : तू थांब. ऑपरेशनला या म्हणावं. डॉक्टर चांगला आहे, हात चांगला आहे त्याचा. पण तो सांगेल तेच ऐका. त्याच्या आईने ऐकलं नाही, मिरवायला गेली आणि पडली. आता तिला धरून न्यावं लागतं. एवढं सांग. त्याच्यावर काही येऊ देऊ नकोस, माझं नाव घे.

शिंपीण : असंच सांगू? तुमच्याबद्दल?

सासू : असंच. मी सांगितलं म्हणावं.

शिंपीण : सांगेन की, घरोघर जाऊन सांगेन. पण त्या माझं ऐकणार नाहीत हो. त्यांनी दर आठवड्याला तुम्हाला चढताना बघितलंय.