कलम अकरा

केजला सीएच्या ऑफिसात मी पॅनकार्डाच्या कामासाठी बसलो होतो. शेजारी युसूफ वडगाव या गावचे दोन मित्र, सोमेश्वर आणि हनुमान, सीताफळाच्या गराचा कारखाना काढायला निघाले होते. सीए साहेबांनी समोर ठेवलेल्या भागीदारीपत्रावर सही करायची तेवढी राहिली होती. सोमेश्वर वाचता वाचता थांबला.

“हन्या, ह्यात मी मेलोय.”

“कुठं बे?”

“कलम अकरा. ‘सोमेश्वर यांच्या मृत्यूनंतर त्यांची पत्नी दीपमाला भागीदार होईल.’ उद्या मशिनीची पूजा हाय, अन् आज ह्यांनी मला उचलला!”

“साहेब, कावून मारलं ह्याला? ह्याला साधं बीपी न्हाई.”

“मारलं नाही हो. दोघांचंही लिहिलंय. पुढं तुम्हीपण आहात.”

“थांबा. म्हंजे हा गेला की मी दीपा वहिनीसंगं धंदा करायचा?”

“हो. आणि कलम सातप्रमाणे सगळे निर्णय एकमतानं.”

“एकमतानं? सोम्या, बारा वर्षांत तुमचं नवरा-बायकोचं एकदा तरी झालंय का?”

“भाजीवर सुदिक न्हाई.”

“मंग मी सही करीत न्हाई. साहेब, आधी मी मरतो असं लिहा.”

“अन् तुझी सुनीता माझ्या गळ्यात? लग्नापासून तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई!”

“अहो, मग मी लिहू काय? कारखाना काढायचाय ना?”

“काढायचा तर! साहेब, भागीदार म्हणून त्या दोघींचीच नावं टाका. आमच्याविरुद्ध त्यांचं कायम एकमत असतंय.”

“आणि तुम्ही दोघं?”

“आमी वारस.”