धुतलेली नळी

कॅन्टीनच्या रांगेत माझ्यापुढे प्रयोगशाळेतले दोघे होते, एक प्रबंध संपवत आलेली ताई आणि तिचा नवा सहकारी.

“ताई, तुमची काचेची नळी धुऊन ठेवली.”

“किती गुणाचा! आणि आत भरलेली सिलिकेची भुकटी?”

“टाकली. द्रावक ओतून पाहिलं, पण काहीच बाहेर येत नव्हतं.”

“कसं येईल? माझा रेणू सिलिकेच्या कणांना चिकटून बसला होता. मी अमोनिया आणायला गेले होते. अमोनिया त्या कणांवरची जागा बळकावतो, तेव्हा कुठे रेणू सुटतो. तुला हे कुणी शिकवलं नाही?”

“तुम्हीच शिकवलंत.”

“वा! म्हणजे चूक माझीच.”

“पुन्हा बनवता येईल ना?”

“येईल की, चार महिन्यांत. प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचाय. तोपर्यंत परीक्षकांना गाणी म्हणून दाखवते.”

“ताई, सिलिका अजून कचऱ्याच्या डब्यातच आहे.”

“त्या डब्यात सगळ्यांचीच सिलिका असते, राजा.”

“मग सगळ्यावरच अमोनिया ओतू. जे सुटेल त्यातून तुमचा रेणू ओळखता येईल?”

“चार महिने सांभाळलाय. न ओळखायला काय झालं? चल, जेवण राहू दे. आणि हातमोजे घाल. तुला चिकटला, तर तुलाच नळीत भरावं लागेल.”