थोरल्या पातीची बाजू

नाही भिया, विकायची नाहीत. बघा खुशाल, चहा घ्या, पण काचेत लावायला ही जुन्या फोटोंची कार्डं मिळायची नाहीत — इंदूरचं हॉटेल ना तुमचं? मग इंदूरची लावा की. ही आमच्या देवासची, वडिलांनी जमवलेली. एक तेवढं धारचं, ते हिनं माहेराहून आणलेलं. हे कारंजं बघा — तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. बँड वाजायचा तो चौथरा — एटीएम. ही बाग — पार्किंग. वाईट वाटतं का? कशाला वाटेल, पार्किंगही लागतंच गावाला.

मग ठेवता कशाला, असं मुलगाही विचारतो — अंबरीश, पीथमपूरला कारखान्यात असतो. आता विषय निघालाच आहे तर सांगतो, हिच्यासाठी ठेवतो. मघाशी चहा ठेवून गेली ना, ती आमची प्रमोदिनी. तुम्हाला भावजी म्हणाली, मनावर घेऊ नका, दूधवाल्यालाही म्हणते. विसरते हल्ली. आणि विसरली की चपला घालून निघते, जुन्या गावात फिरायला — नवं तिला दिसतच नाही. पण निघताना एक कार्ड उचलते, तेवढं बरं आहे. कुठलं कमी आहे ते बघायचं, की मी तिथं. कारंज्याचं नसलं तर मोबाइलच्या दुकानात. तो दुकानदार आता तिला स्टूल देतो, पंखाही लावतो.

शिवाय शोधायचं असतं निम्मंच गाव. कसं म्हणजे? अहो, इथं राजे दोन होते — थोरली पाती नि धाकटी पाती. रस्ता एक, पण ही बाजू याची, ती त्याची. राज्यं गेली, आमच्या आईच्या डोक्यातून काही गेली नाहीत. नव्या सुनेला तिनं बजावलं — आपण थोरल्या पातीचे, धाकटीच्या बाजूनं चालायचं नाही. झालं. आज हिला नवरा ओळखू येत नाही — काल मलाच विचारलं, उमाशंकर कधी येणार — पण बाजू चुकत नाही.

अंबरीश म्हणतो, बाहेरून कडी लावा. मी नाही लावत. जन्मभर आमच्या घरचं ऐकलं तिनं, आता म्हातारपणी कोंडायचं — मला नाही जमायचं. भीती? वाटते की, रोज वाटते. पण कार्डं आहेत तोवर सापडते.

आणा, आवरून ठेवतो. कारंजं, चौथरा, बाग, तलाव... तुमच्या खाली गेलं का एखादं? उठा जरा. धारचं हो, धारच्या बाजाराचं. ते तिनं आजवर कधी उचललं नाही, तिकडे आता कोणी उरलंही नाही तिचं. दारात चपला आहेत का बघा बरं.

नाहीत.

मग बसस्टँडवर. चला. नाही, माझ्याबरोबर नको — मी या बाजूनं जातो, तुम्ही समोरच्या बाजूनं बघत या. धारला राजा एकच होता, भिया. माहेरी निघालेली बाई कुठल्याही बाजूनं चालेल.