बाबा, हवा काढा

नको, मागचं दार नका उघडू काका — दोर पुढून लावा ना, पुढे हूक आहे, तुमचं ट्रॅक्टरचं धूड अशा चार जीप ओढेल. वजन? वजन कसलं, कॅम्पिंगचं सामान आहे, तंबू, पातेली, आणि — सहलीला आलोय हो आम्ही. किनाऱ्याकिनाऱ्यानं, फोर-बाय-फोर घेऊन, मजेत. ते बघा आमचे बाबा, तिकडे खडकावर, पाठीमागे हात बांधून, जणू समुद्राची तपासणी करायला आलेत. आणि त्या घडीच्या खुर्चीवर पाठ करून बसलीय ती आई. सकाळपासून बोललेली नाही. छे, आजारी कुठली — ती अशीच गप्प बसते, लग्नापासूनचा सराव आहे.

कशी रुतली म्हणताय? वाळूत घालायच्या आधी टायरची हवा कमी करायची असते, बरोबर? टायर पसरतो, वर वर निघून जातो — तुम्हाला मी काय सांगायचं. मोबाइलवर बघितलं होतं मी. म्हटलं, बाबा, हवा काढा. एवढंच म्हटलं. तर काय — ‘माझी हवा काढतेस? कॉलेज अर्धवट टाकून घरी बसलेली तू, माझी हवा काढतेस?’ — टायरबद्दल बोलत होते काका, टायरबद्दल! पण त्यांना कुठलाही शब्द आधी स्वतःबद्दलच ऐकू येतो. दाखवतोच तुला म्हणाले आणि घातली, टम्म फुगलेल्या टायरांनी. रुतली. मग ॲक्सिलरेटर दाबला, आणखी रुतली. मग खाली उतरून म्हणतात, वाळू चांगली नाहीये. वाळूच चांगली नाही! ऑफिसातसुद्धा हेच — साहेब चांगला नाही, हाताखालची माणसं चांगली नाहीत. फेकला राजीनामा तोंडावर. वाटलं होतं, मागे धावत येतील, हातापाया पडतील. कोणी आलं नाही. आलं ते एकच पत्र, ऑफिसचं क्वार्टर खाली करा म्हणून — नाही, म्हणजे ते जुनं झालं. तुम्ही दोर लावा.

काय बघताय काचेतून? शिलाई मशीन आहे ते. आईचं. हो, सहलीला शिलाई मशीन. तंबू फाटला तर शिवायला — हसा की, विनोद केला. टेबलफॅन पण आहे. गाद्या आहेत, धाकटीचं दप्तर आहे, भिंतीवरचं घड्याळ आहे, फक्त भिंत नाही. आता कळलं ना? मग कशाला विचारता, घर कुठंय म्हणून. हेच. ज्याला दोर बांधताय ना, तेच. मामा म्हणाला होता, माझ्याकडे या, वरची खोली रिकामी आहे. आई कपडे भरायलाही लागली होती. बाबा म्हणाले, मेव्हण्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही — आणि दुसऱ्याच क्षणाला, धाकटीकडे बघून, एकदम हसऱ्या आवाजात — चला, आपण कॅम्पिंगला जाऊ! तिनं उड्या मारल्या. अजून मारतेय, ती काय, फ्रॉकमध्ये शिंपले भरतेय. शाळा कधीची सुरू झालीय. सुट्टी वाढली असं सांगितलंय तिला. सांगितलं बाबांनी, मान डोलावली आईनं, आणि तिला रोज नव्या थापा मारायचं काम माझ्याकडे. मोठी माणसं ना ती. मोठ्या माणसांना बाकी खूप कामं असतात — रागावणं, रुसणं, खडकावर उभं राहणं.

काय? रिकामी केल्याशिवाय निघायचीच नाही? हूक उपटून येईल? मग हे आधी — हो, आधीच म्हणालात तुम्ही. मीच बोलत बसले. भरती आली, पाणी चाकाला लागलं की हो! बाबांनी बजावलंय, किनाऱ्यावर मागचं दार उघडायचं नाही, लोक बघतील. कुठले लोक? चार माणसं आणि एक कुत्रं. त्यांच्यापुढे अब्रू! उघडा. उघडा म्हणते ना, बाबांचं मी बघते — धरा, धरा, गादी धरा — गेली. भिजली. मशीन एकट्यानं नका उचलू, थांबा, मी येते — आई! आई, ऊठ ना, हात लाव! बघतेय नुसती.

आले बाबा. बाबा, मीच सांगितलं उघडायला, ओरडा नंतर, आधी तो फॅन — बाबा? खाली का बसलात? पाण्यात बसलात तुम्ही. उठा. अहो उठा ना, धाकटी बघतेय.

काका, तुमचंही चाक खाली चाललंय. नको, आता ओढू नका, ट्रॅक्टर जाईल तुमचा. सोडा तो दोर. सोडा म्हणते ना. आणि जाताना तेवढं त्या पोरीला वर कोरड्यात नेऊन सोडा. ती विचारेल, सहल संपली का. काही बोलू नका. नुसते जा.