साहेबांचा सचोटीचा पेपर

आमच्या साहेबांच्या सचोटीबद्दल कुणी शंका घेऊ नका. त्यांना शंभरपैकी शंभर आहेत. मला माहीत आहे, कारण त्यांचा पेपर मीच सोडवला.

आमच्या हैदराबादच्या ऑफिसात दरवर्षी सगळ्यांना कॉम्प्युटरवर एक परीक्षा द्यावी लागते. लाच, खोटी बिलं, अफरातफर, असलं काही दिसलं तर तुम्ही काय कराल? परवा कुलकर्णी साहेबांनी पासवर्डची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. साहेब इथल्याच बरकतपुऱ्याचे, तीन पिढ्या त्याच मोहल्ल्यातल्या. म्हणाले, "मला मीटिंग आहे गं. माझीपण देऊन टाक."

एकोणीस प्रश्न भराभर सुटले. विसावा होता, वरिष्ठांनी त्यांची परीक्षा तुम्हाला द्यायला सांगितली, तर काय कराल?

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, इथे काय निवडू?"

त्यांनी चष्मा लावून प्रश्न दोनदा वाचला. "तक्रार करीन, हेच निवड. उगंच मार्क कटायला नको."

"आणि माझ्या पेपरात?"

"तुझं तू बघ की. परीक्षेत असं विचारून लिहितात काय?"

मग मी माझ्या पेपरात 'मुकाट्यानं देऊन टाकीन' हे खरं उत्तर निवडलं. साहेबांचं प्रमाणपत्र केबिनच्या भिंतीवर लागलंय. मला सचोटीत कच्ची म्हणून येत्या सोमवारी परत परीक्षेला बसायला सांगितलंय.